आतली कड

एर्सिलिया लोरुस्सो नावाच्या बाईंचं एक पत्र मला आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र इटलीच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा गावातून आलं होतं, तिथल्या संग्रहालयाच्या शिक्क्यानिशी. आमची ग्रीक भाषा बाई पुस्तकांतून शिकल्या असाव्यात. क्रियापदं जुन्या वळणाची होती, चर्चमध्ये पाद्री वाचतात तशी. मजकूर थोडा होता. गावाबाहेरच्या एका पुरातन थडग्यात, एका पुरुषाच्या हाडांजवळ, नक्षीच्या भांड्याचं एक खापर सापडलं होतं. एकच. बाकीचं भांडं कुठे नव्हतं. माती तिकडची नव्हती. खापरावर कोपरापासून खालचा एक हात रंगवलेला होता आणि त्या हातात दोरीसारखं काहीतरी होतं. तुमच्या टेकडीवर सापडलेल्या, तुम्ही छापलेल्या तुकड्याशी हे जुळतं की काय असं वाटतं, आपण आपल्या तुकड्याच्या डाव्या कडेचा ठसा पाठवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत एक रेखाटन होतं. मी पत्र दोनदा वाचलं, होती तशी घडी घातली आणि मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. त्यानंतर तीन हिवाळे गेले. शब्दकोश मी रोज वापरतो, पण ते पान ज्या अक्षरापाशी होतं त्या अक्षराचे शब्द मी आठवणीवर भागवू लागलो होतो.

असं पत्र यावं म्हणून माझ्यासारख्यानं जन्मभर वाट बघावी, हे मला कळत होतं. मी हल्किदाच्या शाळेत मुलांना जुनं ग्रीक शिकवलं, आणि दुपारी शाळा सुटली की किनाऱ्यामागच्या गोदामात जाऊन खापरं लावली. टेकडी फोडून रस्ता काढताना एक स्मशान निघालं होतं, सत्तावीसशे वर्षांपूर्वीचं. त्यातली सगळी भांडी फुटलेली होती. फुटलेली असणारच, त्यात नवल नाही. पण आम्ही ती जुळवत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की पूर्ण एकही होत नाही. प्रत्येकात एक तुकडा कमी. माती चाळून झाली, शेजारचे खड्डे पाहून झाले, तरी कमीच. मग मी एक निबंध लिहिला, आयुष्यातला एकच म्हणता येईल असा. मृताच्या थडग्यापाशी भांडं फोडायचं आणि घरच्या माणसांपैकी कोणीतरी त्यातला एक तुकडा उचलून न्यायचं, असं त्यात म्हटलं. अथेन्सच्या सभेत तो वाचून दाखवला. वाचताना मी शेवटची दोन पानं गाळली. एका मोठ्या प्राध्यापकांनी, अगदी मायेनं, म्हटलं, "अर्गिरिस, जे मिळत नाही ते कोणी नेलंच असेल असं नाही. कधीकधी ते नुसतंच मिळत नाही." सगळे हसले. मीही हसलो. आणि बसने परत येताना मला वाटलं, बरोबरच बोलले ते. हे वाटणं मग गेलंच नाही. निबंधही खरा वाटत राहिला आणि तेही. दोन्ही एका घरात राहत होते, एकमेकांशी न बोलता.

लोरुस्सोबाईंचा तुकडा आमच्या तुकड्याला बसला असता तर आमच्या टेकडीवरून कोणीतरी एक खापर उचललं, जहाजावर नेलं, परक्या देशात जन्मभर जवळ ठेवलं आणि शेवटी ते त्याच्याबरोबर मातीत गेलं, असं झालं असतं. आणि नसता बसला तर त्या सभागृहातलं हसू खरं ठरलं असतं, या वेळी कायमचं. उत्तर न देणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. वरून म्हणायला मला एक सबबही होती. आमचा तुकडा ज्यांनी बसवला ते बार्बा-स्तामाटिस, गोदामातले जुने जोडारी, केव्हाच वारले होते. त्यांच्या पिढीची रीत अशी की भांडं प्रदर्शनात सुरेख दिसलं पाहिजे. हरवलेल्या जागी प्लास्टर भरायचं, तुकडा त्यात चपखल बसत नसेल तर त्याची कड कानशीनं जरा घासायची, आणि मागून प्लास्टरचा थर देऊन टाकायचा. भिंतीत खिडकी बसवताना सुतार चौकट तासतो तसं. आमच्या तुकड्याची डावी कड त्यांनी अशीच घासून सरळ केली होती. मला बार्बा-स्तामाटिस आवडायचे. ते काम करताना बडीशेपेच्या दारूचा एक पेला शेजारी ठेवायचे आणि त्याला हात लावायचे नाहीत, काम संपेपर्यंत. घासलेल्या कडेचा ठसा पाठवून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगत असे. हे खरंच होतं. खरं असलेली सबब फार टिकते.

मग एका शुक्रवारी एवढंच झालं की पोलिक्सेनीनं मला एक सांधा तपासायला दिला. पोलिक्सेनी आता गोदामात जोडाऱ्याचं काम करते; व्होलोस गावची, पस्तिशीची, सिगारेट ओढायला सारखी जिन्यात जाणारी. मी निवृत्त झालो तरी खिडकीपाशी माझं टेबल कोणी हलवलं नाही, आणि अवघड सांधा आला की ती तो माझ्याकडे आणते. मला चांगलं वाटावं म्हणून आणते की खरोखर लागतं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. सांधा तपासायची रीत साधी आहे. दोन तुकडे कडेला कड लावायचे, डोळे मिटायचे, आणि अंगठ्याचं नख वरून आडवं न्यायचं. खरा सांधा असेल तर नख अडकत नाही. आणि तुकडे एकमेकांत बसतात तेव्हा एक बारीकशी टक् होते, ती कानापेक्षा बोटांच्या हाडांत कळते. मी डोळे मिटले, नख फिरवलं. गुळगुळीत लागलं. "बसतो," मी म्हटलं. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, तुमचे डोळे मिटलेत म्हणून सांगते. तो बसत नाही."

मी डोळे उघडले. दोन तुकड्यांमधून खिडकीचा उजेड दिसत होता, तांदळाचा दाणा जाईल एवढा. पोलिक्सेनी म्हणाली की आज गारठा आहे, बोटं बधिर झाली असतील, आणि ती स्टोव्ह माझ्याकडे सरकवायला उठली. ती हसली असती तर बरं झालं असतं. मी अंगठ्याचं टोक चावून पाहिलं. दात लागल्याचं दातांना कळलं, अंगठ्याला नाही.

घरी जाताना मी पुलावर थांबलो. पाणी उभं होतं. आमच्या सामुद्रधुनीत दिवसातून काही वेळा ते असं थांबतं आणि मग उलट दिशेला धावतं. रिकामटेकडे लोक कठड्याला टेकून त्याची वाट पाहतात. मी खिशातली नाणी बोटांनी ओळखायचा प्रयत्न केला. पूर्वी हे मी सहज करत असे, शाळेत मुलांना दाखवत असे. आता सगळी एकसारखी लागली, मोठी आणि लहान एवढंच कळलं. मला वाटलं, समज उद्या कोणी तो इटलीचा तुकडा आणून माझ्या हातात ठेवला, तर मला कळणारच नाही. मी म्हणेन, बसतो. माझ्या बोटांना आता सगळंच बसत होतं. ज्याला सगळंच बसतं त्याच्या 'हो'ला काय अर्थ? मी इतकी वर्षं भीत होतो ते नाही म्हणण्याची पाळी येईल म्हणून. आणि ती पाळी यायच्या आधी माझा 'हो'च वाया गेला होता. पाणी कधी वळलं ते त्या दिवशी मी पाहिलं नाही.

वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण एव्हान्थिया राहते. दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार होता आणि ती चर्चला न्यायचे गहू उकडून, फडक्यावर सुकत घालून बसली होती. तिनं मला डाळिंब सोलायला दिलं. मी दाणे काढत होतो ते फुटत होते, किती दाबतोय ते कळत नव्हतं म्हणून, आणि माझ्या मनगटांवरून रस ओघळत होता. तिनं बघितलं आणि वाडगा माझ्यापुढून ओढून घेतला. म्हणाली, खून करून आल्यासारखा दिसतोयस, जा हात धू. मी हात धुतले नाहीत. का कोण जाणे, मी तिला त्या पत्राबद्दल सांगितलं. तिला खापरांत कधी रस नव्हता. तिच्या मते मी आयुष्यभर दुसऱ्यांची फुटकी भांडी आवरली आणि स्वतःचं एक विसळलं नाही. पण तिनं सगळं ऐकून घेतलं, गव्हात साखर आणि बदाम मिसळता मिसळता. मग विचारलं की ती बाई जिवंत आहे का. असावी, मी म्हटलं.

"मेलेल्यांना दर वर्षी ताट भरून गहू," एव्हान्थिया म्हणाली, "आणि जिवंत बाईला दोन ओळी नाहीत. वा रे विद्वान."

ताटावर साखरेचा थर देऊन ती त्यावर बदामांनी नावांची अक्षरं काढत होती. आईचं, वडिलांचं, मग कालिरोईचं. कालिरोई माझी बायको. तिचं नाव लांब आहे, बदाम पुरत नाहीत, दर वर्षी शेवटची अक्षरं दाटीवाटीनं येतात. कालिरोई त्या तुकड्याला माझी बाई म्हणायची. मी संध्याकाळी आलो की विचारायची, "कशी आहे तुझी बाई आज? रडणं थांबलं का?" कारण तुकड्यावर शोक करणारी एक आकृती आहे, काळपट तपकिरी रंगात: त्रिकोणी धड, रेघेएवढी कंबर, ठिपक्याएवढा डोळा, आणि उजवा हात कोपरात दुमडून डोक्यावर. डावा खांद्यापाशीच तुटतो. त्या काळचे चितारी बायकांचे दोन्ही हात डोक्यावर दाखवत, पुरुषांचा बहुतेक एकच. दुसऱ्या हाताला पुरुषाला काही ना काही काम असायचं, तलवार धरायची, घोडा धरायचा. तुटलेला हात वर होता की खाली, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. मी बाई असं लिहिलं. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर तसं छापलं गेलं. मान जराशी कललेली आहे, एवढ्यावरून. खरं तर एवढ्यावरूनही नाही. मला ती बाई वाटली, बस. आणि लोरुस्सोबाईंच्या रेखाटनातला हात खाली होता, आणि त्यात लगाम असावा. माझी बाई पुरुष निघण्याची वेळ आली होती, आणि हे ऐकून जी पोट धरून हसली असती ती आता नव्हती.

कालिरोईला घराबाहेर काढलं तेव्हा एव्हान्थियानं रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर मातीची सुरई फोडली. मी शवपेटीच्या मागे होतो, एका हातात टोपी. सुरईचे तुकडे पायरीवर पसरले आणि माझी नजर त्यांच्यावर गेली. कान आणि खांद्याचा तुकडा शेजारी शेजारी पडले होते, सांधा उघड दिसत होता. मी वाकलो. माझा हात पुढे गेला, आपोआप, शिंक येते तसा. लोकांना वाटलं मी कोसळलो. कोणीतरी काखेत हात घालून मला उचललं, बायकांचा गलका वाढला. फक्त एव्हान्थियाला कळलं मी काय करत होतो. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ठेव ते. ते जोडायचं नसतं." मी ठेवलं. मग मला फार वर्षं लाज वाटत राहिली, की बायको घरातून जात होती आणि मी खापरं बघत होतो. आज त्या ताटावरची दाटलेली अक्षरं पाहताना वेगळंच मनात आलं. घरचं माणूस एक तुकडा उचलून नेतं असं मी लिहून ठेवलं होतं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा माझा हात गेलाच होता की. मी स्वतःच स्वतःला साक्षीदार होऊ शकलो असतो. पण एका म्हाताऱ्याचा वाकलेला हात निबंधात घालता येत नाही. आणि असंही असेल की मी निबंध लिहिला होता म्हणूनच हात गेला. प्राध्यापक असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं, मायेनं.

सोमवारी मी कपाटातून तो तुकडा, जुना डिंक सुटून भांड्यापासून वेगळा झालेला, काढून पोलिक्सेनीच्या टेबलावर ठेवला, प्लास्टरसकट. पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्यानं वाचलं, मग तारीख पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला कानशीबद्दल सांगितलं. तिनं बोटानं ती सरळ कड चाचपली, बार्बा-स्तामाटिसना एक शिवी दिली, ती परत घेतली, आणि तुकडा उलटा केला. मागे पांढरं प्लास्टर होतं, वर्षांनुवर्षांच्या धुळीनं पिवळं पडलेलं. तिनं विचारलं की आतून कसा आहे हा. मी म्हटलं, माहीत नाही. मी इथे आलो तेव्हा तो असाच होता.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही याच्याशी संसार केलात," ती म्हणाली, "आणि याची पाठ बघितली नाहीत?"

प्लास्टर काढायचं तर भिजवावं लागणार होतं. त्या काळची आमच्याकडची माती नीट भाजलेली नसते. पाण्यात राहिली की बिस्किटासारखी सुटू शकते, आणि रंग तर त्याआधी जातो. पोलिक्सेनीनं हे मला सविस्तर सांगितलं, मला ठाऊक नसल्यासारखं. तिचा आवाज मात्र बदलला होता. ती म्हणत होती की नुसतं पत्र लिहा, कड घासलेली आहे, सांगता येत नाही, इतकं लिहिलंत तरी तुम्ही खोटं बोलला नाहीत. ते खरं होतं. तिथेच ते संपवता आलं असतं. मला तीन वर्षं हवं होतं ते उत्तर तिनं मला तयार करून दिलं होतं, कोणालाही न दुखावणारं. मी खिडकीतून खाली बघितलं. एक माणूस दोरीवर आठपायी मासे वाळत घालत होता. मी म्हटलं, काढ प्लास्टर. फुटला तर जबाबदारी माझी, सही मी करतो.

"तुमची सही आता कुठे चालते, मास्तर?" ती म्हणाली. "माझी चालते. सरका तिकडे."

तिनं तुकडा बुडवला नाही. ओला कापूस प्लास्टरवर ठेवायचा, थोड्या वेळानं उचलायचा, मऊ पडलेलं तेवढं पातीनं खरवडायचं, पुन्हा कापूस. चार दिवस ती हेच करत होती, इतर कामांच्या मधेमधे. मी माझ्या टेबलाशी बसून पुस्तक वाचत असल्याचं दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यातून माती सुटल्यासारखी वाटली आणि तिनं सगळं थांबवून तुकडा रात्रभर सुकायला ठेवला. मी घरी जेवलो नाही. एव्हान्थियानं मसुराचा वाडगा परत नेताना विचारलं की ती इटालियन मेली की काय. मला तेव्हा वाटत होतं की खापर सुटलं तर बरं होईल. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं. मग कोणाला काही विचारता येणार नाही आणि कोणाला काही सांगता येणार नाही. बिचारा अर्गिरिस, लोक म्हणतील, शोध लागत होता आणि तुकडा गेला. अशा दुःखात फार आराम असतो.

चौथ्या दिवशी तिनं मला हाक मारली. तुकडा पालथा पडला होता, उघडा. मी भिंग घेतलं. आतली बाजू रंगवलेली नव्हती, फिकट, तांबूस रंगाची, आणि तिच्यावर चाकापाशी बसलेल्या कुंभाराच्या बोटांची वळणं एकाखाली एक गेली होती, पाण्यावर उठतात तशी. एका वळणात बोट जरा घसरलं होतं. वरच्या बाजूनं रंगाचा एक ओघळ आला होता. भांड्याचं तोंड रंगवताना कुंचल्यातून जास्त रंग आत सांडला असावा. तो तिरका उतरत डाव्या कडेपाशी गेला होता आणि तिथे, मधेच, तुटला होता. एवढ्या वर्षांत बाहेरच्या आकृतीच्या डोळ्यावर, कोपरावर मी पानंच्या पानं लिहिली, आणि तिच्या पाठीशी हा सांडलेला रंग होता, कोणीही बघावा म्हणून न काढलेला. "कड बघा," पोलिक्सेनी म्हणाली. मी भिंग सरकवलं. कानस पुढून, तिरकी मारलेली होती. समोरून दिसणारं तेवढंच बार्बा-स्तामाटिसनी सरळ केलं होतं. आतली कड तशीच राहिली होती, नखाच्या जाडीएवढी, खडबडीत, ती फुटली त्या दिवसासारखी.

पोलिक्सेनीनं त्या कडेचा मेणात ठसा घेतला. मी अंगठा पुढे केला आणि मग मागे घेतला. "तूच बघ," मी म्हटलं. तिनं डोळे मिटले, ठशावरून आणि कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाली की उतरलीय, सगळी उतरलीय. ओघळाचं चित्र मी काढलं. भिंगातून बघून रेघ ओढायला बोटांच्या टोकांची गरज लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पत्र मात्र लवकर होईना. पहिल्या मसुद्यात मी माफी इतकी मागितली होती की तुकड्याला जागा राहिली नाही. दुसऱ्यात स्वतःच्या निबंधाचा उल्लेख होता, तो खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी पोलिक्सेनी म्हणाली की तहानलेल्या माणसाला तहानेचं वर्णन ऐकवू नका, पाणी द्या. तेव्हा मी थोडक्यात लिहिलं: 'बाहेरून कड घासलेली आहे, तिच्यावर जाऊ नका. आतली खरी आहे. तिचा ठसा सोबत आहे. आत रंगाचा एक ओघळ आहे, तो आमच्या कडेपाशी तुटतो. तुमच्या तुकड्याच्या आत तो पुढे जातो का ते पाहावं. जात नसेल तर माझं म्हणणं चुकलं, आणि तसं स्पष्ट लिहावं, मला वाईट वाटेल म्हणून मऊ लिहू नये. तुमच्याकडचा हात खाली आहे आणि आमच्याकडे शोक करणारी स्त्री असं छापलेलं आहे, ते मी ठरवलं होतं, आकृतीनं नाही. तपासताना तरुण बोटांच्या माणसाला बरोबर घ्यावं. माझी आता चालत नाहीत.' उशिराबद्दल एकच वाक्य राहिलं. ते कसं लिहावं ते मला आलं नाही, म्हणून ते साधंच लिहिलं.

ठसा काड्यापेटीत कापूस घालून ठेवला आणि पत्रासकट जाड पाकिटात बंद केला. पोस्टात रांग होती. माझ्या पुढे एक म्हातारी पेन्शनीसाठी भांडत होती आणि मला वाटलं, हिचं चालू दे, अजून चालू दे. पण ती संपली. खिडकीतल्या मुलीनं पाकीट तोललं, गावाचं नाव मोठ्यानं वाचलं, चुकीचं वाचलं, आणि आत काय आहे म्हणून विचारलं. मेण, मी म्हटलं. तिला ते पुरलं. रजिस्टर करताना तिनं मान वर न करता विचारलं, पोचपावती हवी का, तिचे वेगळे पैसे पडतात, आणि परदेशातून परत यायला महिने लागतात, कधी येतही नाही.

"हवी," मी म्हटलं.

तिनं पाकिटावर गुलाबी चिठ्ठी चिकटवली, दोन ठिकाणी शिक्का मारला आणि मागे न बघता ते पोत्यात टाकलं.